गाणं, वर्ग आणि संघटना : हिप-हॉपच्या पन्नास वर्षांचा जमाखर्च

२०१८ च्या एप्रिलमध्ये केंड्रिक लमार या रॅपरच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीतासाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. शास्त्रीय आणि जॅझ या दोन परंपरांबाहेरच्या संगीताला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच अमेरिकेत, त्याच सुमारास, सरकारी वकील तरुण आरोपींनी लिहिलेल्या रॅपच्या ओळी न्यायालयात पुरावा म्हणून वाचून दाखवत होते. एरिक नील्सन आणि आंद्रिया डेनिस यांनी ‘रॅप ऑन ट्रायल’ (२०१९) या पुस्तकात अशा शेकडो खटल्यांचा माग काढला आहे. आरोपी बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. कादंबरीकाराने खून रंगवला तर त्याला कुणी खुनी म्हणत नाही; रॅपरने रंगवला तर तो कबुलीजबाब ठरतो.

मान आणि संशय हे दोन्ही हिप-हॉपच्या वाट्याला सुरुवातीपासून आले. प्रतिष्ठेचा प्रश्न आता जवळपास मिटला आहे. हॉवर्ड विद्यापीठात १९९१ मध्येच हिप-हॉपवर परिषद भरली, हार्वर्डमध्ये २००२ साली त्याचं स्वतंत्र अभिलेखागार सुरू झालं, कॉर्नेलमध्ये २००७ साली संग्रह उभा राहिला. न मिटलेला प्रश्न दुसराच आहे. सामाजिक न्याय आणि शिक्षण यांसाठी ही संस्कृती मोठी ताकद आहे, असं तिचे चाहते आणि अभ्यासक म्हणतात. ते कितपत खरं? पन्नास वर्षांच्या अनुभवावर माझं उत्तर असं : हिप-हॉप लोकांना एकत्र आणतं आणि बोलतं करतं, हे निर्विवाद. पण त्यातून काही बदलतं ते तिथेच, जिथे त्या गर्दीला हाताशी धरणारी एखादी संघटना, शाळा किंवा चळवळ असते. ती नसेल तर गाणं गाजतं, आणि परिस्थिती होती तशीच राहते.

पार्टीच्या आधीचा तह

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत झाला असं मानतात. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट लावून पार्टी ठेवली आणि तबकड्या वाजवायला भावाला उभं केलं. जमैकातून आलेला हा क्लाइव्ह पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणाऱ्यांच्या अंगात येतं, हे त्याने हेरलं. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तो तुकडा हवा तेवढा लांबवायची युक्ती त्याने काढली.

ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्या दोन वर्षं आधीची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. १९४८ पासून रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग भरवस्तीतून काढला गेला आणि हजारो कुटुंबं उठली. ज्यांना परवडलं ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन. भाड्यापेक्षा विम्याची रक्कम बरी, असा हिशेब करून काही घरमालकांनी स्वतःच्याच इमारतींना आगी लावून घेतल्या. महापालिका त्याच काळात अग्निशमन केंद्रं बंद करत होती. अशा वस्तीत तरुणांना आधार उरला तो टोळ्यांचा. डिसेंबर १९७१ मध्ये ‘घेटो ब्रदर्स’ या टोळीचा ब्लॅक बेंजी हा तरुण भांडणाऱ्या टोळ्यांत समेट करायला गेला आणि मारला गेला. आता रक्तपात होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण ८ डिसेंबरला हो ॲव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबमध्ये टोळ्यांची बैठक भरली आणि तह झाला. तो पूर्णपणे पाळला गेला नाही, तरी एका टोळीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाणं थोडं सोपं झालं. हद्दी ओलांडता आल्या नसत्या, तर हर्कच्या पार्ट्यांना चार गल्ल्यांपलीकडची पोरं आली असती का? म्हणजे आधी राजकीय शहाणपण, मग संगीत.

या टोळ्यांतूनच आलेल्या आफ्रिका बंबाटाने ‘झुलू नेशन’ ही संघटना उभी केली. डीजेची कला, एमसीचं बोलणं, ब्रेकिंगचा नाच आणि ग्राफिटी या चार अंगांना तिने ‘ज्ञान’ हे पाचवं अंग जोडलं. स्वतःचा इतिहास जाणणं हा कलेचाच भाग मानला गेला. १९७५ मध्ये शहराचं दिवाळं निघायची वेळ आली, शिक्षकांना कमी केलं गेलं, शाळांतल्या संगीत-कलेवर कुऱ्हाड पडली. त्या पार्श्वभूमीवर हे पाचवं अंग म्हणजे शाळेबाहेरची शाळाच होती. पण याच बंबाटावर २०१६ मध्ये अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि त्याला संघटनेच्या नेतृत्वावरून बाजूला व्हावं लागलं. न्यायाची भाषा बोलणाऱ्या संघटनेत दुबळ्यांचं गाऱ्हाणं ऐकायला जागा होती का, हा प्रश्न हिप-हॉपचा गौरव करणाऱ्यांनाही टाळता येत नाही.

निषेध आणि बाजार

सामाजिक वास्तवावरचं पहिलं मोठं गाणं म्हणून १९८२ च्या ‘द मेसेज’चं नाव घेतलं जातं. ते ज्यांच्या नावावर निघालं, त्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या बहुतेक साथीदारांना ते गाणं करायचंच नव्हतं. लोक नाचायला येतात, त्यांना वस्तीतली घाण आणि बेकारी कोण ऐकवणार, असं त्यांचं म्हणणं. रेकॉर्ड कंपनीच्या मालकीणबाई सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी हट्ट धरला म्हणून ते झालं. धंदा आणि निषेध यांची पहिली गाठ इथे पडली, आणि दोन्ही पक्षांचा फायदा झाला. सात वर्षांनी पब्लिक एनिमीचं ‘फाइट द पॉवर’ स्पाइक ली यांच्या चित्रपटातून घरोघर पोहोचलं. त्याच १९८९ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसच्या गटाच्या पोलिसांविरुद्धच्या गाण्यावर नाराजी कळवणारं पत्र एफबीआयच्या अधिकाऱ्याने त्यांच्या कंपनीला धाडलं. तीन वर्षांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस खटल्यातून सुटले आणि शहर पेटलं, तेव्हा त्या गाण्यात अतिशयोक्ती किती आणि बातमी किती, हा वाद नव्याने सुरू झाला.

गाण्याला संघटनेची जोड देण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्नही १९८९ मध्येच झाला होता. मैफिलीतल्या हिंसेत एका तरुणाचा जीव गेल्यावर केआरएस-वन आणि इतर रॅपर एकत्र आले, त्यांनी ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ हे गाणं केलं आणि त्याचं उत्पन्न ‘नॅशनल अर्बन लीग’ या जुन्या नागरी हक्क संघटनेला दिलं. हा रस्ता पुढे रुंद होऊ शकला असता. पण नव्वदच्या दशकात पैसा दुसऱ्या वाटेने आला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरची बंधनं सैल केली. क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे काही वर्षांत हजाराहून अधिक केंद्रं आली. गावोगावच्या निवेदकाची आवड गेली, मुख्यालयाची यादी आली. बंदुका, सोनं आणि बायकांचा अपमान खपतो असं दिसल्यावर तेच वाजत राहिलं. रॅप बिघडला असं म्हणणाऱ्यांनी या मालकीकडेही बघायला हवं.

तरी सगळं खापर कंपन्यांवर फोडून चालणार नाही. स्त्रियांबद्दलचा तिरस्कार घरातूनच आला होता, आणि त्याला उत्तरही घरातूनच मिळालं. क्वीन लतीफाने १९९३ च्या ‘युनिटी’ या गाण्यात रस्त्यावरच्या छेडछाडीला आणि शिवीगाळीला तोंडावर जाब विचारला. १९९९ मध्ये जोन मॉर्गन यांनी हिप-हॉपवर प्रेम करणाऱ्या स्त्रीवादाची मांडणी केली : मला हे संगीत हवं आहे, आणि म्हणूनच त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क माझा आहे. २००४ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी नेली या रॅपरला सांगितलं, की अस्थिमज्जा दानासाठी तू जरूर ये, पण तुझ्या व्हिडिओतल्या बायकांच्या चित्रणाबद्दल आधी आमच्याशी बोल. तो कार्यक्रम रद्द झाला. पण कृष्णवर्णीय तरुणींनी आपल्याच कलेचा जाहीर हिशेब मागितला, हे शिक्षणच होतं, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

गाण्याने कृती घडल्याची दोन उदाहरणं पाहू. लमारचं ‘ऑलराइट’ हे गाणं २०१५ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँडमध्ये ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरच्या कार्यकर्त्यांनी पोलिसांसमोर घोषणेसारखं म्हटलं. पुढे ते कितीतरी मोर्चांत ऐकू आलं. त्याने धीर दिला. कायदा बदलला असा दावा कुणी करत नाही. दुसरं उदाहरण कमी झगमगीत, पण अधिक बोलकं आहे. हर्कच्या पार्टीची ती इमारत सरकारी योजनेखाली मर्यादित भाड्याची होती. २००७ मध्ये मालकाला योजनेतून बाहेर पडायचं होतं. म्हणजे भाडी वाढणार आणि जुने भाडेकरू जाणार. भाडेकरूंनी संघटना बांधली, घरहक्कासाठी झटणाऱ्या संस्थांना सोबत घेतलं आणि हर्कला पुढे केलं. राज्य सरकारने ती जागा ऐतिहासिक नोंदीस पात्र ठरवली. तरीही इमारत विकली गेली, कर्जात बुडाली. शेवटी शहराने पैसे उभे करून दिले आणि २०१०-११ च्या सुमारास ती परवडणारी घरं टिकवणाऱ्या मंडळींच्या हाती आली. नुसत्या इतिहासाने भाडं थांबलं नसतं, आणि नुसत्या भाडेकरूंकडे वर्तमानपत्रांनी वळून पाहिलं नसतं. दोन्ही जुळलं तेव्हा घरं राहिली.

गाण्याच्या ओळींवरून होणाऱ्या खटल्यांतही चित्र तसंच आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा पुराव्याने पूर्वग्रह पसरतो का हे न्यायालयाने आधी तपासावं असं बंधन घातलं. तो कायदा अभ्यासक, वकील आणि संगीत क्षेत्रातल्या संघटना यांनी रेटा लावल्यामुळे झाला. जॉर्जियात मात्र यंग थग या प्रसिद्ध रॅपरच्या खटल्यात न्यायाधीशांनी काही ओळी पुरावा म्हणून येऊ दिल्या. कायदा नसला की प्रसिद्धी कामाला येत नाही.

वर्गाच्या आत

शिक्षणाच्या बाजूला बोलण्यासारखं अधिक आहे. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांच्या संस्कृतीशी जोडलेल्या अध्यापनाची मांडणी केली. त्यांनी अभ्यासलेल्या शिक्षकांपैकी एक बाई दुसरीच्या वर्गात रॅपच्या ओळींवरून कविता शिकवत. मुलांना ठाऊक असलेल्या यमकापासून सुरुवात करायची आणि पुस्तकातल्या कवितेपर्यंत पोहोचायचं, अशी ती वाट. घरून आणलेलं ज्ञान शाळेच्या दाराबाहेर ठेवावं लागलं नाही तर मूल वर्गात टिकतं, हा त्यामागचा विचार.

न्यूयॉर्कमधले विज्ञानशिक्षक आणि नंतर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले प्राध्यापक क्रिस्टोफर एमडिन यांनी तो पुढे नेला. वू-टँग क्लॅन या रॅप गटातल्या जीझासोबत त्यांनी शहरातल्या दहा सरकारी शाळांत विज्ञान-रॅपची स्पर्धा सुरू केली. उत्क्रांती किंवा गतीचे नियम यांवर रॅप लिहायचा तर संकल्पना समजावीच लागते, नाहीतर यमक जुळतं आणि अर्थ घसरतो, आणि समोरचा स्पर्धक नेमकं तेच पकडतो. एमडिन यांचा भर मात्र गाण्यापेक्षा वर्गाच्या रचनेवर आहे. रॅपर गोल करून उभे राहतात, त्याला सायफर म्हणतात. प्रत्येकाची पाळी येते, कुणी चुकलं तर बाकीचे ताल धरून सावरतात. वर्ग तसा बसवा, शिकवण्याबद्दल मुलांचं मत विचारा, अधूनमधून त्यांना शिकवू द्या, हे त्यांचं सांगणं. आयुष्यात एकही रॅप न ऐकलेल्या शिक्षकालाही हे करता येईल.

न्यू जर्सीत ब्रायन मूनी या शिक्षकाने टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या कादंबरीशेजारी लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ हा अल्बम ठेवला. रंगाचा न्यूनगंड माणसाच्या आत कसा शिरतो, हा दोन्हींतला धागा मुलांनी शोधला. ते लेखन वाचून २०१५ च्या जूनमध्ये लमार स्वतः शाळेत आला. बातमी लमारच्या भेटीची झाली. खरं काम त्याआधीच्या वाचनात झालं होतं. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये डेव्हिड एलिस या माजी रॅपरने नव्वदच्या दशकात शाळाच काढली, ‘हायस्कूल फॉर रेकॉर्डिंग आर्ट्स’. शिक्षण सोडलेली मुलं तिथे स्टुडिओच्या ओढीने येतात आणि शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडतात. ध्वनिमुद्रणाचा करार वाचण्यातून भाषा, उत्पन्नाच्या वाटपातून गणित.

या प्रयोगांच्या मर्यादा त्यांच्याच अभ्यासकांनी नोंदल्या आहेत. मार्क लॅमॉंट हिल यांनी फिलाडेल्फियातल्या एका शाळेत हिप-हॉप साहित्य म्हणून शिकवलं आणि २००९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलं आपल्या जखमा वर्गात बोलू लागली, एकमेकांना आधार देऊ लागली. पण ‘खरा हिप-हॉपवाला’ कोण याची नवी उतरंडही तयार झाली. ज्यांचं हे संगीत नव्हतं, ती मुलं कडेला गेली. शिवाय या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन एकेका वर्गाचं, एकेका उत्साही शिक्षकाचं आहे. उत्साह हस्तांतरित होत नाही. शिक्षक बदलला की प्रयोग संपतो, आणि प्रशिक्षणाशिवाय अनुकरण झालं की टोपी उलटी घालून पाढे म्हणणारे गुरुजी दिसतात. मुलं त्यांना पहिल्या मिनिटात ओळखतात.

डाकार, तेहरान, मेदेयिन

अमेरिकेबाहेर हिप-हॉप गेलं तेव्हा त्याने तिथली भाषा घेतली. सेनेगलचं उदाहरण सर्वांत भरीव. जानेवारी २०११ मध्ये विजेच्या लोडशेडिंगला वैतागून ‘कर गी’ या रॅप गटातल्या थियात आणि किलिफ यांनी पत्रकार फादेल बारो यांच्याबरोबर ‘याँ आ मार’, म्हणजे ‘आता पुरे’, ही चळवळ सुरू केली. वस्त्यावस्त्यांत शाखा निघाल्या. राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी निवडणुकीचे नियम आपल्या सोयीने बदलायला घेतले, तेव्हा २३ जूनच्या मोर्चांमुळे त्यांना तो बदल मागे घ्यावा लागला. मग रॅपरांनी तरुणांची मतदार नोंदणी हाती घेतली. मार्च २०१२ मध्ये वाद हरले. त्यांच्या पराभवाची कारणं अनेक होती, पण नोंदणीच्या रांगा गाण्यांमुळे लांबल्या आणि शाखांमुळे टिकल्या. पुढच्याच वर्षी शुमान आणि केती या दोन रॅपरांनी ‘जुर्नाल रापे’ सुरू केलं : आठवड्याच्या बातम्या रॅपमध्ये, एकाने फ्रेंचमध्ये आणि दुसऱ्याने वोलोफमध्ये. ज्यांना सरकारी फ्रेंच कळत नाही त्यांच्यापर्यंत अर्थसंकल्प पोहोचवणं, याला नागरिकशास्त्र नाही तर काय म्हणायचं?

ट्युनिशियात एल जनरल या रॅपरने २०१० च्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांना उद्देशून गाणं केलं. ६ जानेवारी २०११ ला त्याला अटक झाली आणि आठच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. इराणमध्ये तुमाज सालेही या रॅपरने २०२२ च्या सरकारविरोधी आंदोलनाला पाठिंबा दिला. त्याला अटक झाली, एप्रिल २०२४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, ती जूनमध्ये रद्द झाली, आणि डिसेंबरमध्ये तो सुटला. अफगाण निर्वासित सोनिता अलिझादेने इराणमध्ये राहून मुलींच्या विक्रीसारख्या लग्नांविरुद्ध रॅप केला, त्याच्या जोरावर अमेरिकेतल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळवली आणि स्वतःचं लग्न टाळलं. कोलंबियात मेदेयिन शहराच्या कोमुना १३ या वस्तीवर २००२ मध्ये लष्करी कारवाई झाली होती. मारल्या गेलेल्या एका रॅपरचं नाव दिलेल्या ‘कासा कोलाचो’ या तिथल्या केंद्रात मुलांना रॅप आणि ग्राफिटी शिकवतात, आणि भिंतींवर वस्तीचा इतिहास लिहितात. पुढे पर्यटकांची झुंबड उडाली आणि त्याच भिंती विक्रीच्या मालासारख्या झाल्या, हेही खरं.

शाहिरीच्या प्रदेशात

मराठी वाचकाला यात बरंच ओळखीचं वाटेल. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी काढलेल्या लाल बावटा कलापथकाने, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी हेच काम केलं. आणि या सगळ्यांच्या पाठीशी चळवळ होती. ब्रॉन्क्समधल्या पार्टीच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सचं नाव आणि बाणा घेऊन. त्यामुळे रॅप इथे आला तेव्हा तो कोऱ्या जमिनीवर पडला नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटाने २०१९ मध्ये वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्याच गटातला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने मराठीत रॅप करतो. धारावीत ‘स्लमगॉड्स’ आणि ‘धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ यांनी मुलांना ब्रेकिंग आणि रॅपचे मोफत वर्ग दिले. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने ‘गाना’ हा तिथला लोकगीतप्रकार आणि रॅप एकत्र आणून जातीवर बोट ठेवलं. आणि संशयही आला : २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांबद्दल गुन्हे दाखल झाले.

मग फरक कुठे? शाहिराच्या मागे पक्ष, युनियन, समता सैनिक दल अशी माणसं असत. तो गाऊन गेला तरी दुसऱ्या दिवशी सभासद नोंदणी चालू राही. आजच्या मराठी रॅपरच्या मागे बहुधा एक मोबाइल, दोन मित्र आणि अल्गोरिदम असतो. २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर कंपन्या आल्या, करार झाले, वस्तीच्या गोष्टीला बाजारभाव मिळाला. आरेवर गाणं गाजलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. त्यात गाण्याचा दोष नाही. आरेत जो काही विरोध टिकला, तो पाड्यांवरच्या लोकांनी, वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामामुळे. गाण्याने त्यांना ऐकणारे मिळवून दिले.

म्हणून हिप-हॉपकडून काय मागायचं हे आधी ठरवायला हवं. ज्यांचं बोलणं ऐकून घेतलं जात नाही त्यांना ते भाषा आणि धीटपणा देतं, आणि हे काम दुसरं फारसं काही इतक्या स्वस्तात करत नाही. सभासद नोंदणी, वकील, पाठ्यक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण ते देत नाही. आतल्या अन्यायाची तक्रार ऐकणारी समितीही देत नाही. या गोष्टी त्याच्याकडून अपेक्षित ठेवणं म्हणजे आपलं काम कलाकाराच्या गळ्यात टाकणं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेपासून महाविद्यालयापर्यंत रॅप लिहिणारी मुलं आज बाकावर बसलेली आहेत. त्यांना स्नेहसंमेलनात पाच मिनिटं देऊन टाळ्या वाजवणं सोपं आहे. त्यांच्या वह्या मराठीच्या तासाला उघडणं, त्यांतल्या वस्तीच्या प्रश्नावर ग्रामसभेत किंवा वॉर्डात अर्ज करायला शिकवणं आणि त्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणं, हे कठीण आहे. पण जिथे कुठे हिप-हॉपने काही बदललं, तिथे कुणीतरी हे कंटाळवाणं काम केलेलं आहे.